काळाचा दोष, की जाणूनबुजून केलेली तडजोड? मेथडिस्ट पवित्रता, मिशन आणि गुलामगिरी

१/ १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीराव फुले यांनी कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. त्या सज्जनांची वाट त्यांच्याच देशात कोणी अडवली होती, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. वाट अडवणाऱ्यांत एक मोठे नाव अनपेक्षित आहे. ते म्हणजे अमेरिकेतील मेथडिस्ट चर्च, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या देशातील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ.

२/ मेथडिस्टांचा विषय निघाला की दोन विधाने हमखास ऐकू येतात. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते, सबब त्यांचा पंथही तसाच होता, हे पहिले. ते टिकेनासे झाले की दुसरे पुढे केले जाते: त्या काळात सगळेच गुलाम बाळगत, कालच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नये. पहिले विधान अर्धसत्य आहे. दुसरे साफ खोटे आहे.

३/ खोटे अशासाठी, की या चर्चने आपल्याच काळात, आपल्याच हाताने, गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्वातून काढून टाकणारा नियम लिहिला होता. त्याची तारीख आहे, कलमे आहेत, मुदती आहेत. तो सहा महिन्यांत गुंडाळला गेला, त्याचीही नोंद आहे. ज्याला मापच माहीत नव्हते त्याला इतिहासाने सवलत द्यावी. ज्याने माप स्वतः घडवले आणि मग फडताळात लपवले, त्याला ती मागण्याचा अधिकार पोहोचत नाही.

४/ प्रकरण समजण्यासाठी आधी थोडे धर्मशास्त्र समजून घ्यावे लागेल. ते टाळून चालणार नाही, कारण तडजोड तिथेच झाली. ‘पवित्र’ म्हटले की मराठी मनापुढे सोवळे उभे राहते: स्पर्श टाळणे, बाहेरच्या मळापासून स्वतःला जपणे. वेस्लींची पवित्रता याच्या नेमकी उलट दिशेने जाते.

५/ १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांच्याभोवती काही तरुण जमले. नियमाने प्रार्थना, नियमाने उपवास, नियमाने अभ्यास. सोबत्यांनी चेष्टेने नाव ठेवले ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतशीरपणाचे वेड लागलेले. पण हेच तरुण १७३० पासून ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंगात जाऊ लागले. कर्जापायी कोठडीत पडलेल्यांना भेटणे, गरिबांच्या मुलांना शिकवणे ही त्यांच्या दिनचर्येची कलमेच होती. सोवळे आणि तुरुंगाची कोठडी यांचा मेळ बसत नाही.

६/ १७३९ मध्ये एका स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत वेस्लींनी एकांतात साधली जाणारी पवित्रता ही ख्रिस्ती धर्माला परकी गोष्ट आहे, असे मांडले. पवित्रता सामाजिकच असते. हे वाक्य आज सामाजिक न्यायाच्या फलकांवर झळकते. अभ्यासक योग्यच बजावतात, की तिथे वेस्लींचा रोख गुहेत बसून ध्यान करणाऱ्या गूढवाद्यांवर होता. माणूस माणसांच्या संगतीतच पवित्र होतो, एवढेच त्यांना म्हणायचे होते. मान्य. पण ती संगत प्रत्यक्षात कशी चालत असे, हे पाहिले की वादाला वेगळेच वळण मिळते.

७/ १७४२, ब्रिस्टल. प्रार्थनामंदिराच्या बांधकामाचे कर्ज फिटत नव्हते. एका सभासदाने तोड सुचवली: प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी; अकरा-बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी; ज्याला पेनीही जड जाईल त्याची त्यानेच भरावी. वसुलीला घरोघर फिरणाऱ्यांना भलतेच दिसू लागले. कोणी दारू पितो, कोणी बायकोशी भांडतो, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही. वेस्लींच्या ध्यानात आले, की ज्याची गरज होती ती व्यवस्था आयती हाती आली आहे. कर्जवसुलीची ही रचना ‘क्लास’ झाली. दर आठवड्याला बारा माणसे एकत्र बसत, आणि आठवडा कसा गेला हे प्रत्येकाला सांगावे लागे. श्रद्धेचा हिशेब असा पेनीच्या हिशेबातून उगवला, ही गोष्ट मोठी गमतीची आहे आणि अर्थपूर्णही.

८/ पुढच्याच वर्षी, १७४३ मध्ये, ‘सामान्य नियम’ छापले गेले. कोणाचेही वाईट करू नये, होईल तितके भले करावे, उपासनेची साधने पाळावीत. त्यांतली उदाहरणे वाचण्यासारखी आहेत. दारूची खरेदी-विक्री नको. बेकायदा व्याज नको. जकात चुकवून आणलेला माल घ्यायचा नाही की विकायचा नाही. म्हणजे मेथडिस्ट पवित्रता माणसाच्या दुकानात शिरत होती, त्याच्या वहीखात्यात डोकावत होती. चोरट्या मार्गाने आलेला माल विकत घेणे जिथे पाप, तिथे चोरून आणलेला माणूस विकत घेणे काय ठरेल? उत्तर नियमातच दडलेले होते. कोणीतरी ते मोठ्याने उच्चारायचे तेवढे बाकी होते.

९/ दुसरा धागा मिशनचा. देवाने काही निवडकांना तारणासाठी आणि उरलेल्यांना नाशासाठी आधीच नेमून ठेवले आहे, हे कॅल्विनवादी मत वेस्लींना घृणास्पद वाटे. कृपा सर्वांसाठी आहे आणि माणूस हाक ओळखण्याआधीच ती त्याच्यात काम करू लागते, ही त्यांची शिकवण. एप्रिल १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ ते उघड्या मैदानात उभे राहून बोलू लागले, किंग्जवूडच्या खाणकामगारांपर्यंत गेले, आणि सारे जगच आपला पॅरिश मानू लागले, ते या मतामुळेच. कृपेच्या हद्दीबाहेर कोणी नसेल, तर मिशनच्या हद्दीबाहेरही कोणी असू शकत नाही.

१०/ या दोन्हींचे शिखर म्हणजे ‘ख्रिस्ती परिपूर्णता’. १७६६ च्या पुस्तकात वेस्लींनी ती विशद केली. परिपूर्ण म्हणजे कधीही न चुकणारा नव्हे. अज्ञान राहील, गैरसमज राहतील, मोहही राहतील. पण अंतःकरण देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीतीने इतके भरलेले असेल, की जाणूनबुजून पाप करण्यास तिथे जागा उरणार नाही. ‘जाणूनबुजून’ हा शब्द पुढच्या सबंध प्रकरणात ध्यानात ठेवावा.

११/ जॉर्ज व्हाइटफील्ड हे वेस्लींचे सहकारी, मैदानात बोलण्याचा धडा त्यांनीच घालून दिलेला. कृपेच्या प्रश्नावर दोघे फुटले. जॉर्जिया वसाहतीत आरंभी गुलामगिरीला मनाई होती. ती उठवावी म्हणून व्हाइटफील्ड यांनी खटपट केली, १७५१ मध्ये ती उठली, आणि त्यांच्या अनाथाश्रमाच्या जमिनीवर गुलाम राबू लागले. एकाच काळातील, एकाच विद्यापीठातील, एकाच चळवळीतील दोन माणसे. ‘काळ’ दोघांचाही तोच होता.

१२/ वेस्लींनी १७७२ मध्ये फिलाडेल्फियाचे क्वेकर अँथनी बेनेझेट यांचे लेखन वाचले आणि १७७४ मध्ये गुलामगिरीवरील आपली पुस्तिका काढली. तीत बेनेझेट यांच्याकडून पुष्कळ उचललेले आहे, हेही सांगितले पाहिजे. पण शेवटचा हल्ला त्यांचा स्वतःचा. जहाजाचा कप्तान, व्यापारी आणि मळेवाला या तिघांना ते एकेक करून उभे करतात आणि मळेवाल्याला बजावतात, की तू पैसे मोजतोस म्हणूनच हे सारे चालते. विकत घेणारा पकडून आणणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी दोषी नाही. माणसाला वारशाने मिळालेली मालमत्ता म्हणून बाळगण्याचा हक्कच ते नाकारतात. ही बाब विसरू नये. पुढे एका बिशपांच्या प्रकरणात ती परत येईल.

१३/ आणि वेस्ली काही क्रांतिकारक नव्हते. ते राजनिष्ठ होते, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला त्यांचा विरोध होता. १७७५ च्या एका पत्रकात त्यांनी वसाहतवाल्यांना डिवचले, की करावरून आपण गुलाम झालो म्हणून ओरडता, खरा गुलाम तुमच्याच शेतात ओझ्याखाली वाकला आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांना जे दिसत असूनही करवले नाही, ते एका टोरी धर्मोपदेशकाने स्पष्ट म्हटले. निधनाच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, अंथरुणाला खिळलेल्या वेस्लींनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स यांना धीर देणारे पत्र लिहिले.

१४/ आता अमेरिका. तिथल्या पहिल्या मेथडिस्टांनी ही शिकवण पुस्तकात ठेवली नाही. मेरीलँडचे फ्रीबॉर्न गॅरेटसन यांनी १७७५ मध्ये धर्मांतराच्या अनुभवानंतर आपले गुलाम मोकळे केले आणि उपदेशक होऊन गावोगाव फिरू लागले. डेलावेअरमध्ये स्टोक्ली स्टर्जिस नावाच्या शेतकऱ्याच्या घरी ते बोलले. स्टर्जिसला गुलाम बाळगणे चूक आहे हे पटले. (पटूनही त्याने फुकट सोडले नाही, किंमत लावली: साठ पौंड सोने-चांदी किंवा दोन हजार कॉन्टिनेन्टल डॉलर. मनःपरिवर्तनालाही दर असतो.) ती रक्कम कष्टाने फेडून मोकळा झालेला तरुण म्हणजे रिचर्ड ॲलन. हे नाव पुढे येणार आहे.

१५/ १७८० मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेने गुलामगिरी ही देवाच्या, माणसाच्या आणि निसर्गाच्या नियमांविरुद्ध आहे असे ठरवून गुलाम बाळगणाऱ्या फिरत्या उपदेशकांकडून मुक्तीचे वचन मागितले. डिसेंबर १७८४ मध्ये, नाताळात, त्याच शहरात मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. थॉमस कोक आणि फ्रान्सिस ॲस्बरी हे तिचे नेते. तिथे नियम झाला: प्रत्येक सभासदाने बारा महिन्यांत कायदेशीर दस्त करून आपल्या गुलामांच्या मुक्तीची तजवीज करावी. कोणत्या वयाचा गुलाम किती वर्षांत सुटेल याचा तक्ता दिला. यापुढे जन्मणारे मूल जन्मतःच मुक्त. व्हर्जिनियाच्या सभासदांना दोन वर्षांची मुदत. ज्याला मान्य नसेल त्याने निघून जावे, न गेल्यास काढून टाकावे.

१६/ जून १७८५ मध्ये नियम स्थगित झाला.

१७/ इथे बचावाची पहिली फळी उभी राहते: राज्यांचे कायदेच आड येत होते. काही राज्यांपुरते ते खरे आहे, आणि १७८४ च्या नियमातच कायदा जिथे आड येईल तिथे सूट ठेवलेली होती. पण सर्वाधिक बोंब जिथून उठली त्या व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला साध्या दस्ताने गुलाम मोकळे करता येत होते. ती मुभा १८०६ पर्यंत सैलच होती. डेलावेअरमध्ये क्वेकर आणि मेथडिस्ट उपदेशाचा परिणाम डोळ्यांना दिसला: १८१० च्या जनगणनेत तिथले सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय मुक्त होते. दार उघडे होते. दक्षिणेच्या सभासदांना त्यातून जायचे नव्हते आणि त्यांना जाण्यास भाग पाडायचे धैर्य परिषदेला झाले नाही.

१८/ १७८५ च्या वसंतात कोक व्हर्जिनियात फिरत होते. एका ठिकाणी प्रवचन ऐकून चिडलेला जमाव बाहेर थांबला; एका बाईने या ठेंगण्या डॉक्टरला शंभर फटके मारणाऱ्यांना पन्नास पौंड देऊ केले. मे महिन्यात कोक आणि ॲस्बरी मुक्तीचा अर्ज घेऊन माउंट व्हर्ननला जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे गेले. वॉशिंग्टन यांनी सहमती दाखवली, सही मात्र केली नाही. कोक यांचे धैर्य निर्विवाद. पण त्याच प्रवासात त्यांनी रोजनिशीत एका युक्तीची नोंद केली आहे: आधी गुलामांना मालकाप्रती असलेल्या कर्तव्यावर हृदयद्रावक प्रवचन द्यावे, म्हणजे पुढचे बोलणे गोरे लोक शांतपणे ऐकून घेतात.

१९/ ही युक्ती क्षुल्लक वाटते. वस्तुतः पुढची ऐंशी वर्षे तिच्यातच बीजरूपाने आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या कर्तव्यापासून प्रवचन सुरू करायचे, म्हणजे अन्याय करणारा उठून जात नाही. श्रोता टिकतो. मिशन चालू राहते.

२०/ हे लोक लोभी नव्हते, हे ठासून सांगायला हवे. त्या काळी फिरत्या उपदेशकाचे वार्षिक मानधन चौसष्ट डॉलर होते. ॲस्बरी अविवाहित राहिले, त्यांना स्वतःचे घर नव्हते, आयुष्यभरात घोड्यावरून अडीच लाखांहून अधिक मैल हिंडल्याचा अंदाज आहे. त्यांना पैशाचा मोह नव्हता, मोह होता तो आत्म्यांच्या संख्येचा. १७८४ मध्ये अमेरिकेत मेथडिस्ट सुमारे पंधरा हजार होते. साठ वर्षांत ते दहा लाखांच्या वर गेले. त्या वाढीची किंमत कोणी मोजली, हा हिशेब चर्चच्या वहीत मांडलेला नाही.

२१/ १८०८ ची महापरिषद. नियमपुस्तकात गुलामगिरीवरील कलम अजून होते, पातळ झालेले, तरी होते. दक्षिण कॅरोलायनाच्या परिषदेसाठी या पुस्तकाच्या एक हजार प्रती ते कलम वगळून छापाव्यात, असा ठराव झाला. एकाच चर्चचे, एकाच वर्षीचे, पवित्रतेच्या नियमांचे पुस्तक. आणि त्याच्या दोन आवृत्त्या. उत्तरेत जे पाप, ते दक्षिणेत छापलेच नाही. ‘त्या काळात कोणाला कळत नव्हते’ म्हणणाऱ्यांनी या हजार प्रतींचा विचार करावा. जे कळत नाही ते वगळता येत नाही.

२२/ पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८०९ मध्ये, ॲस्बरींनी रोजनिशीत आपले मन मोकळे केले. मालक आमच्या तत्त्वांना भितात, म्हणून गुलामांना आमच्यापर्यंत येऊ देत नाहीत, आणि त्यामुळे मोठी संख्या हातची जाते, ही त्यांची तक्रार. मुक्तीच्या खटपटीपेक्षा गुलामांची स्थिती आणि त्यांना मिळणारी वागणूक सुधारण्याची खटपट अधिक उपयोगी पडली नसती का, असे ते विचारतात; आणि आत्म्याच्या तारणापुढे आफ्रिकी माणसाच्या देहाच्या स्वातंत्र्याची काय मातब्बरी, असेही.

२३/ या नोंदीत दुष्टपणा नाही, थकवा आहे. आणि म्हणूनच ती अधिक भयंकर वाटते. वेस्लींनी जे दोन धागे एकत्र वळले होते ते इथे सुटे झाले. मिशन म्हणजे पोहोचणे, पवित्रता म्हणजे पोहोचल्यावर माणसाचे बदलणे. बदल मागितला तर दार बंद होते, म्हणून बदल मागणेच सोडायचे. मग आत जाऊन सांगायचे काय उरले? शिवाय ‘आत्म्याच्या तारणासाठी देह गुलाम राहिला तरी चालेल’ हा सौदा ज्याच्या देहाचा त्याला न विचारता झाला.

२४/ काय उरले, ते १८२९ पासून दिसू लागले. विल्यम केपर्स यांच्या पुढाकाराने दक्षिण कॅरोलायनात मळ्यांवरील गुलामांसाठी मिशन सुरू झाले. काही मळेवाल्यांनी ते आपण होऊन मागितले होते. शिक्षण तोंडी, अक्षरओळख नाही. प्रश्नोत्तरीत आज्ञाधारकपणावर भर. सात वर्षांपूर्वी, १८२२ मध्ये, डेन्मार्क व्हेसी यांच्या कटाच्या आरोपानंतर चार्ल्सटनमधील कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र चर्च पाडण्यात आले होते. त्या शहरापासून जवळच्या मळ्यांवर आता मालकाच्या परवानगीने सुवार्ता आली. केपर्स स्वतः गुलाम बाळगीत आणि १८४६ मध्ये दक्षिणेकडील चर्चचे बिशप झाले.

२५/ एकदा ही वाट धरल्यावर पुढचे टप्पे वेगाने आले. १८३६ मध्ये सिनसिनाटीच्या महापरिषदेने प्रचंड बहुमताने आपल्याच दोन सदस्यांची, गुलामगिरीविरोधी सभेत भाषण केले म्हणून, निंदा केली आणि मालक-गुलाम संबंधांत हात घालण्याची आपली इच्छा नाही असे जाहीर केले. १८४० चा ठराव त्याहून लाजिरवाणा: ज्या राज्यांत कायदा कृष्णवर्णीयांची गोऱ्यांविरुद्धची साक्ष मानत नाही, तिथे चर्चच्या चौकशीतही ती घेऊ नये. बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय सभासदांनी याचा निषेध केला.

२६/ साक्ष! ज्या पंथाची सारी इमारत साक्षीवर उभी, जिथे बारा माणसांच्या बैठकीत मोलकरणीनेही आपला आठवडा मांडायचा आणि कारागिरानेही, तिथे आता ठरले की एका वर्णाच्या माणसाने दुसऱ्या वर्णाच्या माणसाचे पाप सांगायचे नाही. पवित्रतेची यंत्रणाच मोडली. मालकाने काय केले हे ज्यांनी पाहिले होते, नेमके त्यांनाच गप्प बसवले, आणि मालक नित्याप्रमाणे पवित्र राहिला.

२७/ याच दशकात न्यूयॉर्कमध्ये फीबी पामर यांच्या मंगळवारच्या बैठका भरू लागल्या. १८४३ च्या त्यांच्या पुस्तकाने पवित्रतेचा मार्ग सोपा केला: सर्वस्व वेदीवर ठेवावे, वचनावर विश्वास ठेवावा, आणि पवित्रता आताच मिळाली असे मानावे. पामर यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. स्त्रियांच्या उपदेशाचा हक्क त्यांनी हिरिरीने मांडला, न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या दरिद्री वस्तीत मिशन उभारण्यात त्यांचा वाटा होता. पण चर्च गुलामगिरीवरून दुभंगत असताना त्या प्रश्नावर त्यांनी मौन पाळले. वेस्लींची पवित्रता वहीखात्यात शिरत असे. ही पवित्रता दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर थांबली.

२८/ तेव्हा, ‘त्या काळात सगळेच तसे होते’? रिचर्ड ॲलन त्याच काळातले. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना उठवून बाजूला ओढले गेले, तेव्हा ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. १७९४ मध्ये त्यांचे बेथेल चर्च उभे राहिले, १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. त्यांनी वेस्लींचे धर्मशास्त्र सोडले नाही. नाव, नियम, क्लास, सारे सोबत नेले. टाकले फक्त गोऱ्यांचे वर्चस्व.

२९/ ऑरेंज स्कॉट हेही त्याच काळातले. चर्चमध्ये राहून लढणे अशक्य झाल्यावर १८४३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे वेस्लियन मेथडिस्ट कनेक्शन काढले. त्यात गुलाम बाळगणाऱ्याला जागाच नव्हती. बी. टी. रॉबर्ट्स यांना १८५८ मध्ये त्यांच्या परिषदेने काढून टाकले. १८६० मध्ये त्यांनी फ्री मेथडिस्ट चर्च स्थापले. पामर यांच्याप्रमाणेच रॉबर्ट्स परिपूर्णतेचे कट्टर उपदेशक होते, परंतु त्यांच्या लेखी ‘फ्री’ या शब्दात गुलामांची मुक्ती होती, आणि चर्चमधील बाके श्रीमंतांना भाड्याने न देण्याचा आग्रहही होता. याच चर्चच्या मिशनने पुढे विदर्भात, यवतमाळला, तळ ठोकला.

३०/ बचावाची दुसरी फळी अधिक हुशार आहे. तडजोड केली म्हणूनच सुवार्ता मळ्यांपर्यंत पोहोचली, आणि तिच्यातूनच कृष्णवर्णीयांचे बलशाली चर्च जन्मले. नियम लादला असता तर दारेच बंद झाली असती, असे ती म्हणते. यात एक उघड गफलत आहे. ॲलन मेथडिस्ट झाले ते तडजोडीच्या आधी. स्टर्जिसच्या घरात गॅरेटसन यांना प्रवेश मिळाला तो तत्त्व झाकल्यामुळे नव्हे. त्यांनी ते उघड बोलूनच मालकाला हलवले. कृष्णवर्णीयांचे चर्च तडजोडीविरुद्ध उभे राहिले, आणि दक्षिणेत तडजोड करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पाडले गेले. मळ्यांवरच्या गुलामांनी मालकाच्या प्रश्नोत्तरीतून स्वतःची मुक्ती शोधून काढली असेल, तर ते श्रेय त्यांचे आहे. प्रश्नोत्तरी लिहिणाऱ्याने त्यावर हक्क सांगू नये.

३१/ १८४४, न्यूयॉर्क. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे वारशाने आणि विवाहामुळे गुलाम आले होते. (वारशाविषयी १७७४ च्या पुस्तिकेत काय होते, ते आठवावे.) तो अडथळा दूर होईपर्यंत त्यांनी बिशपपदाचे काम करू नये, असा ठराव झाला. दक्षिणेने फारकत मागितली, आणि १८४५ मध्ये लुइव्हिल येथे वेगळे चर्च काढले. हा प्रसंग उत्तरेच्या नैतिक शौर्याची कथा म्हणून सांगितला जातो. तसे तो नव्हे. प्रश्न फक्त बिशपांचा होता. उत्तरेच्या चर्चमध्ये सीमेवरच्या राज्यांतील गुलाममालक सभासद त्यानंतरही सुखाने नांदत होते. गुलाम बाळगण्याला सर्व सभासदांसाठी बंदी करणारा नियम उत्तरेने केला तो १८६४ मध्ये. तोवर यादवी युद्धात लाखो माणसे मेली होती आणि लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा निघून वर्ष उलटले होते.

३२/ १७८४ ते १८६४. जो नियम लिहायला नाताळातले काही दिवस पुरले होते, तो पुन्हा लिहायला ऐंशी वर्षे लागली.

३३/ दुभंगलेली चर्चे १९३९ मध्ये एक झाली. दक्षिणेची अट होती, आणि ती मान्य झाली: भूगोलावर आधारलेले पाच विभाग, आणि कृष्णवर्णीय परिषदांसाठी वर्णावर आधारलेला सहावा, ‘सेंट्रल जुरिस्डिक्शन’. १९३६ मध्ये उत्तरेच्या महापरिषदेत ही योजना मताला टाकली गेली, तेव्हा ४७ कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी ३६ जणांनी विरोधात मत दिले आणि ११ जण तटस्थ राहिले. योजना संमत झाली. सभागृह उभे राहून स्तोत्र गाऊ लागले. कृष्णवर्णीय प्रतिनिधी बसून राहिले. त्यांच्यापैकी काही जण रडत होते. तो सहावा विभाग १९६८ पर्यंत होता.